शकुंतला रेल्वे
वऱ्हाडातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा अरुंदमापी लोहमार्ग. वाशिम जिल्ह्यातील कारंजा या कापसाच्या जुन्या पेठेवरून तो जातो. किलिक निक्सन या पेढीने 1910 मध्ये उभारलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची त्यावरील मालकी, देशातील बहुतेक रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्यावरही, करारान्वये अबाधित राहिली. गाड्या मात्र सरकारी रेल्वेच चालवी. मालकीबाबतचा आपला अधिकार शासन जनहितार्थ बजावू शकते: कॅनडाच्या संघशासनाने 2010 मध्ये, पोटॅश कॉर्पोरेशन ही खत कंपनी विकत घेऊ पाहणाऱ्या बीएचपी बिलिटन या खाण कंपनीला, राष्ट्राच्या निव्वळ लाभाची कसोटी लावून, मंजुरी नाकारली. शकुंतलेच्या बाबतीत मात्र ठराविक मुदतीने मालकी संपादण्याचा हक्क असूनही भारत सरकारने तो दशकानुदशके बजावला नाही, आणि गोरगरीब उतारूंचा हा एकमेव स्वस्त आधार दुरुस्तीवाचून झिजत गेला, ही हेळसांड अक्षम्यच म्हटली पाहिजे.