मैदान एक, दारे दोन

मुंबई जिमखान्याच्या मैदानावर आज रग्बी, फुटबॉलही खेळतात. भारतातला पहिला कसोटी सामना इथेच डिसेंबर १९३३ मध्ये झाला, लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या, एवढे सगळेच सांगतात. आम्हाला त्याआधीचे सांगायचे आहे.

१८७५ साली स्थापन झालेला हा जिमखाना गोऱ्यांचा. भारतीयांना सभासदत्व नव्हते. तरी याच मैदानावर १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि शिवराम पालवणकर हे चर्मकार बंधू होते. पुण्यात संघातलेच लोक बाळूंना चहा वेगळ्या मातीच्या पेल्यात देत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, पण कर्णधारपदाच्या वेळी त्यांची जात आडवी आली. पुढे १९२३ मध्ये ते धाकट्या विठ्ठलला मिळाले.

गोऱ्यांनी दार बंद ठेवले म्हणून आपण संतापतो. मग पेला वेगळा ठेवणाऱ्यांचे काय? एक अन्याय सांगून दुसरा झाकला तर तो इतिहास नव्हे. नांदेड-लातूरच्या मैदानांवर खेळणाऱ्या आपल्या मुलांना अमरनाथांच्या शतकाबरोबर बाळूंचा पेलाही सांगा.