चार दरवाज्यांचं चांदा

आमच्या आजीच्या हिशेबानं चांदा चार दरवाज्यांत संपायचं. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा, पूर्वेला अंचलेश्वर. परकोटाच्या आत गाव आणि बाहेर सारं रान. भानापेठेतल्या आमच्या घरून कोणी जटपुऱ्याबाहेर निघालं, मग ते टपाल टाकायला का असेना, ती विचारायची, "शिदोरी घेतली का बाबू?" आज त्याच जटपुऱ्याच्या कमानीत संध्याकाळी स्कूटर, ऑटो आणि एखादी गाय एकाच वेळी अडकतात. आजीचं ते रान आता बसस्थानक, सिव्हिल लाइन्स, तुकूम असं पार पसरलंय. कमानीवरचा, हत्तीला पंज्याखाली दाबून उभा असलेला सिंह मात्र जागेवर आहे. ते गोंडराजांचं चिन्ह. सरकारनं गावाचं नाव चंद्रपूर केलं, पण रेल्वेच्या पाटीवर 'चांदा फोर्ट' अजून आहे आणि जुन्या माणसांच्या तोंडी चांदाच.

गावाची जन्मकथा आजी लाखोळीची डाळ निवडता निवडता सांगायची. त्यामुळे तिची लांबी डाळीवर अवलंबून असे. खांडक्या बल्लाळशहा राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात राहायचा. अंगभर गळवं, कोणत्याही वैद्याचं औषध लागेना. एकदा शिकारीला निघाला, तहान लागली, झरपट नदी कोरडी. वाळूत एका खळग्यात थोडं पाणी दिसलं, ते प्याला, तोंड धुतलं आणि त्या रात्री कितीतरी वर्षांनी त्याला झोप लागली. सकाळी राणी बघते तर चेहरा साफ. इथपर्यंत गोष्ट राजाची, पुढे राणीची. आजीची राणी भलती हुशार. "राजाले म्हणे, अर्धंच काऊन धुतलं? चाला, जागा दाखवा." मग दोघं गेली, गवत-वाळू काढली, खाली खडकात गाईच्या पाच खुरांचे ठसे निघाले. पाणी कितीही उपसा, आटत नव्हतं. राजा नाहून बरा झाला, रात्री स्वप्नात अंचलेश्वर आला, देऊळ उभं राहिलं. पुढे एकदा तिथंच राजाला उलटा प्रकार दिसला. ससा पाठलाग करतोय आणि कुत्रा पळतोय. राणी म्हणाली, ही जागा शूरांची, ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेनं भिंत बांधा.

हा राजा तेराव्या शतकातला की पंधराव्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आजीला तो प्रश्नच नव्हता. तिच्या मते तो "पयले" होऊन गेला. भिंत पुरी व्हायला मात्र पिढ्या गेल्या, हे खरं. चार दरवाजे, शिवाय खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसान. मसान खिडकीजवळून जाताना आम्ही पोट्टे उगाच पळत सुटायचो. इरई नदी फुगली की पाणी पठाणपुऱ्यापर्यंत यायचं आणि अख्खं गाव ते बघायला जमायचं. मधल्या काळात परकोटावर झाडंझुडपं माजली, कचरा साठला. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी फावडी-टोपली घेऊन बुरूज साफ केले, आणि आता तटावरून चालता येतं. आजी असती तर तिनं त्यांना गरम गरम सांबारवडी खाऊ घातली असती, हे मी खात्रीनं सांगतो.

राजांच्या नामावळीत आमच्या घरात एकच नाव आदरानं घेतलं जाई, ते राणी हिराईचं. बीरशहा तिचा नवरा. त्याच्या लेकीचा देवगडच्या सासरी अपमान झाला म्हणून त्यानं जावयाचं शीर कापून महाकालीपुढं ठेवलं, असं आजी डोळे मोठे करून सांगायची. देवळावर देवगडाकडे तोंड केलेलं दगडी डोकं ते त्याचंच, असंही ती म्हणे. बीरशहाचा पुढे खून झाला. विधवा हिराईनं रामशहाला दत्तक घेतलं आणि राज्य चालवलं. नवऱ्याची समाधी बांधली, महाकालीचं देऊळ नव्यानं उभं केलं. नवऱ्यासाठी बायकोनं बांधलेली अशी दगडी वास्तू आपल्याकडे किती आहेत? अंचलेश्वर दरवाज्याजवळच्या त्या समाधीच्या आवारात दुपारी बरं वाटतं. मोठे बाबा, म्हणजे आमचे थोरले काका, तिथं परीक्षेचा अभ्यास करायचे म्हणे. पास झाले की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.

चैत्रात महाकालीची जत्रा. नांदेड-परभणीकडची, तेलंगणातली माणसं लोटायची, अजूनही लोटतात. पोतराज, हलगी, डोक्यावर देवीचा देव्हारा घेतलेल्या बाया. झरपटीच्या काठी तीन दगडांच्या हजार चुली. आमच्या ओसरीवर दरवर्षी परभणीकडचं एक कुटुंब उतरायचं. ती माणसं ज्वारीचं पीठ सोबत आणायची. आम्ही भात खाणारे, ते भाकरी खाणारे. आजी त्यांना वडाभात वाढायची आणि त्यांच्या म्हातारीकडून भाकरी थापून घ्यायची. दोघी एकमेकींच्या स्वयंपाकाला मनातून नावं ठेवत असणार, पण निघताना गळ्यात पडून रडायच्या. उन्हाचं काय सांगू, चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेवढ्या उन्हात अनवाणी चालत आलेली ती माणसं बघून देवीची नाही तरी माणसांची भीती वाटायची.

भाताचा विषय निघालाच आहे. चांद्याच्या पूर्वेला मूल, सिंदेवाही, पलीकडे आरमोरी, चामोर्शी, ही सगळी झाडीपट्टी तलावांची. गोंडराजांनी म्हणे असं ठरवलं होतं की जो तलाव बांधेल, त्याच्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन त्याची. कोहळी लोकांनी तलाव बांधले, त्यातून धान आलं. चांद्याच्या गोल बाजारात मोसमाप्रमाणे जंगल उतरायचं: मार्चात मोहफुलं, उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं, पहिल्या पावसानंतर बांबूचे कोवळे वास्ते आणि वारुळावरच्या सात्या. सात्यांची भाजी ज्या दिवशी व्हायची त्या दिवशी आबाजी, म्हणजे आजोबा, दुपारीच कामावरून परत यायचे. कोणी निरोप दिला, कसा दिला, हे कोडं कधी सुटलं नाही.

आबाजी बल्लारपूरला एका लाकूड डेपोत मुन्शी होते. आलापल्लीकडचं सागवान ट्रकनं यायचं, ते मोजायचं, हातोड्यानं छाप मारायचा. "या जंगलातलं लाकूड कुठं कुठं गेलं असंल," असं ते अभिमानानं म्हणत. त्यांच्यामागे कितीतरी वर्षांनी, २०२३ च्या मार्चमध्ये, बल्लारपूरहून सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी वाजतगाजत गेलं तेव्हा मला त्यांचा तो हातोडा आठवला. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ चा. त्याच्यासाठी बांबू यायचा तोही याच रानातला. शाळेत वही उघडली की आबाजी पान बोटांनी चोळून म्हणायचे, "हा आपल्या बांबूचा." ते खरं असो नसो, त्या वहीत खाडाखोड करायला जीव होत नसे.

बांबूच्या आधीचा उद्योग कोळशाचा. वरोऱ्याची खाण १८७० च्या सुमारास सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. मग बल्लारपूर, लालपेठ, महाकाली, दुर्गापूर अशा खाणी निघत गेल्या. लालपेठेत रायप्पा कोमटी नावाच्या माणसानं घडवून घेतलेल्या, अर्धवट राहिलेल्या प्रचंड दगडी मूर्ती आडव्या पडल्या आहेत, आणि तिथंच कोळशाची खाण. वर देव, खाली कोळसा. खाणींवर काम करायला तेलुगू, छत्तीसगढी, बिहारी माणसं आली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचा बंगाली कॅम्प झाला. आमच्या वर्गात हजेरी घेताना गुरुजींची जीभ पाच भाषांत फिरायची. १९८० नंतर औष्णिक वीज केंद्र आलं, आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. सिमेंटचे कारखाने आले. मोहल्ल्यातल्या पोरांना नोकऱ्या लागल्या, लग्नं ठरली, घरांवर स्लॅब पडले. आणि घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या, चिमण्यांचा धूर, रस्त्यांवरची राख यांनी हवा अशी झाली की २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत चंद्रपूरला पहिल्या पाचांत बसवलं. आजी गच्चीवर पापड घालायची ते संध्याकाळी तीळ लावल्यासारखे दिसायचे. मुंबईच्या घरात दिवा लागतो त्यातला थोडा उजेड आमच्या फुफ्फुसांतून जातो, हे तिकडच्या लोकांना ठाऊक असायला हरकत नाही.

जुना राजकिल्ला आता जिल्हा कारागृह आहे. त्याच्या भिंतीकडे बोट दाखवून आजी आवाज खाली आणायची. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी घेतलं, त्यात चांदाही गेला. पाच वर्षांत या तरुण जमीनदारानं गोंड, माडिया, रोहिले गोळा करून इंग्रजांशी लढाई मांडली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना इथं फाशी दिली. कारागृहातल्या पिंपळापाशी दरवर्षी त्या दिवशी माणसं जमतात. आजीच्या गोष्टीत दोर तीनदा तुटायचा. मोठे बाबा म्हणायचे, चारदा. त्याच आवारात गैबीशहा वलीचा दर्गा आहे आणि मोहरमच्या दिवसांत तुरुंगाचं दार सर्वांसाठी उघडतं. आजी जायची. "तिथल्या विहिरीचं पाणी गोड आहे," एवढंच कारण ती द्यायची.

१६ ऑक्टोबर १९५६ ची आठवण आमच्या घरात मोठ्या बाबांच्या मालकीची. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब आंबेडकर दीक्षा द्यायला चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी सारी तयारी केली होती. मोठे बाबा तेव्हा लहान. वस्तीतल्या मित्राचं बोट धरून गेले आणि पांढऱ्या कपड्यांतली एवढी माणसं पुन्हा कधी बघितली नाहीत, असं सांगायचे. खेड्यांतून लोक बैलगाड्यांनी, पायी, कोणी गोंदियाकडून येणाऱ्या छोट्या गाडीनं आले होते. ती गाडी इतकी हळू चालायची की मधे उतरून टेंभरं वेचून पुन्हा चढता येई, अशी तिची ख्याती. पुढे दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. ज्यांनी त्या दिवशी त्यांना पाहिलं, ते आयुष्यभर त्या तारखेपासून मोजत राहिले. आजही १५-१६ ऑक्टोबरला चांद्याच्या दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नसते.

२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि आजीचं अर्धं माहेर परजिल्ह्यात गेलं. ती चामोर्शीकडची. महाशिवरात्रीला मार्कंड्याला बैलगाडीनं जायची. वैनगंगा तिथं उत्तरेकडे वळते, काठावर दगडी देवळं. माहेरी गेली की दिवाळीनंतरची नाटकं. झाडीपट्टीत दंडार आणि नाटक रात्रभर चालतं, वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. नाटकाच्या निमित्तानं सोयरे जमतात, सोयरिकी जुळतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आजीचं लग्न अशाच एका नाटकाच्या रात्री ठरलं असं म्हणतात. नाटक कोणतं होतं ते तिला आठवायचं, आबाजींनी कोणता सदरा घातला होता तेही आठवायचं, आणि सदऱ्याचा रंग दर खेपेला बदलायचा.

आता जग चंद्रपूरला येतं ते वाघासाठी. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प. वाघ बघायला लोक पैसे देऊन जातात, हे आमच्या घरच्या माणसांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचं आयुष्य वाघ न दिसावा म्हणून वाटा बदलण्यात गेलं. त्यांच्यासाठी ताडोबा म्हणजे तारू. वाघाशी झुंजून मेलेला गोंड पुढारी, तलावाकाठी झाडाखाली बसलेला देव. पौषात त्याची जत्रा भरायची, आजी नवस फेडायला गेलेली. सरपणासाठी, मोहासाठी, तेंदूपानासाठी आजही बाया पहाटे जंगलात शिरतात आणि सगळ्याच परत येत नाहीत. जिप्सीतल्या पाहुण्यांनी हेही बघावं.

पाहुणे नागपूरला उतरतात, थेट मोहर्लीच्या रिसॉर्टवर जातात, वाघाचा फोटो काढतात आणि परत. शहर त्यांच्या वाटेवर येतच नाही. मला हे मुळीच आवडत नाही. ताडोबाचा गाभा दर मंगळवारी बंद असतो. मंगळवार देवीचा वार, त्या दिवशी महाकालीला गर्दी असते. तेव्हा मुक्कामात एक मंगळवार येईल असं बघा आणि चांद्यात या. मे महिना टाळा. जटपुऱ्यातून आत शिरा, गोल बाजारात सांबारवडी खा, अंचलेश्वरापर्यंत पायी जा आणि हिराईनं बांधलेली समाधी बघा. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर सोबत आणा.