ओल्या कड्याचे रहिवासी



माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाचे बोलावणे आले, तेव्हा मी वेतन, बोनस किंवा ठेकेदारी यांवर बोलेन अशी चालकांची अपेक्षा होती. मी त्यांना गोगलगाईचे नाव सांगितले, तेव्हा त्यांनी ते दोनदा विचारून घेतले. माझे शालेय शिक्षण फारसे झालेले नाही. जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत झाले. तेव्हा प्राणिशास्त्रज्ञाचा अधिकार मला नाही. परंतु बोरघाटातल्या रेल्वेच्या बांधणीचा इतिहास मी पुष्कळ वर्षे वाचीत आलो आहे, आणि तो वाचता वाचता ही गोगलगाय मला वाटेत भेटली.

बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले. जेम्स बर्कले हे तिचे मुख्य अभियंता. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या चढणीत गाडीला १८३१ फूट उंच न्यायचे होते. त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले. काळा पाषाण सुरुंगाने फोडावयाचा, आणि सुरुंगाची भोके पाडण्यासाठी माणसांना दोरांनी कड्यावरून खाली सोडावयाचे, अशी कामाची तऱ्हा होती. १८६१ च्या आरंभी या घाटात बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. तत्पूर्वी, जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून तेथे मोठा दंगा झाला. त्यानंतर ठेकेदार बदलला. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी तो ठेका पुढे चालविला. पटकीच्या साथींनी मजुरांच्या झोपड्या ओस पडल्या. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. बर्कले त्याआधीच, १८६२ साली, निवर्तले होते. त्यांचे नाव राहिले. जे मजूर घाटात मेले त्यांची नावे मी शोधली. मला ती मिळाली नाहीत.

त्याच १८६३ साली लंडनच्या एका निसर्गविज्ञानविषयक मासिकात एक लहानसा लेख छापून आला. लेखक होते विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड. हे गृहस्थ १८५५ साली भारतीय भूविज्ञान सर्वेक्षण खात्याच्या नोकरीत येथे आले होते. खडक तपासणे हे त्यांचे पगाराचे काम. परंतु खडकावर चिकटून बसलेला जीवही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पश्चिम घाटातील कड्यांवर राहणाऱ्या दोन नव्या गोगलगाईंचे वर्णन त्या लेखात होते. त्यांपैकी एकीला त्यांनी सह्याद्रीचेच नाव दिले : क्रेम्नोबेटिस सिहाद्रेन्सिस. यातल्या पहिल्या शब्दात कड्यासाठी असलेला ग्रीक शब्द आहे. पुढे असे आढळले की ते पहिले नाव दुसऱ्या एका प्राण्याला आधीच दिले गेले आहे. म्हणून १८६९ साली ब्लॅनफर्ड यांनी ते बदलून क्रेम्नोकोंकस, म्हणजे 'कड्यावरचा शंख', असे केले. तेच आजवर चालत आले आहे.

आता या प्राण्यात एवढे विशेष ते काय? आकार म्हणाल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान. रंग ओल्या दगडात मिसळून जाणारा. खरे विशेष आहे ते त्याच्या गोत्रात. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेजवळच्या खडकांना लहान लहान शंख चिकटलेले असतात, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. लाट आली की ओले होतात, ओहोटी लागली की दार लावून स्वस्थ बसतात. लिटोरिनिडी हे त्यांचे कुल. या कुलात दोनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या जगातल्या समुद्रकिनाऱ्यांवर पसरलेल्या आहेत. या सबंध कुलातून गोड्या पाण्यात येऊन राहिलेली प्रजाती एकच, आणि ती म्हणजे आपल्या सह्याद्रीतली क्रेम्नोकोंकस. फर्डिनांड स्टोलिचका या भूशास्त्रज्ञाने १८७१ साली तिच्या शरीराची चिरफाड करून तिची रचना तपासली, आणि हे समुद्राशी असलेले नाते उघड केले.

समुद्रातला जीव डोंगरावर का टिकला याचे उत्तर त्या कड्याकडे पाहिले म्हणजे उमगते. धबधब्याच्या बाजूचा, तुषारांनी सदा भिजणारा कातळ, किंवा ज्यावरून पाण्याचा नुसता पातळ पडदा ओघळत असतो असा उभा दगड, हे या गोगलगाईचे घर. लाटांच्या माऱ्याऐवजी धबधब्याचा मारा, एवढाच काय तो फरक. तिला कल्ले आहेत. तरी दगड ओला असला की ती पाण्याबाहेरही राहू शकते. दातेरी जिभेने दगडावरचे बारीक शेवाळ खरवडून ती पोट भरते. ऊन तापले की फटीत शिरते आणि शंखाचे दार लावून घेते.

तिच्या वाढीची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. समुद्रातल्या तिच्या बहुतेक भाईबंदांची पिले प्रथम पाण्यात तरंगतात आणि लाटांबरोबर दूरदूरच्या खडकांवर जाऊन पोचतात. सह्याद्रीच्या आषाढातल्या लोंढ्यात असे तरंगणारे पिलू वाहून गेले असते. म्हणून येथे अंड्यातून तरंगते पिलू निघत नाही. रांगणारी चिमुकली गोगलगायच बाहेर येते, आणि जन्मल्या दगडालाच चिकटून राहते. यात सुरक्षितता आहे, पण बंधनही आहे. एका ओल्या कड्यावरून दुसऱ्या ओल्या कड्यावर जावयाचे तर मधला कोरडा डोंगर ओलांडता येत नाही. त्यामुळे निरनिराळ्या घाटांत निरनिराळ्या जाती तयार झाल्या. महाराष्ट्रात खंडाळा, तोरणा, महाबळेश्वर या टापूतल्या तीन जाती एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाल्या होत्या. कर्नाटकातल्या घाटांतून आणखी सहा जातींचे वर्णन २०१३ साली रीड, अरविंद आणि मध्यस्थ या संशोधकांनी प्रसिद्ध केले. म्हणजे दीडशे वर्षे लोटल्यावरही आपल्या डोंगरातले रहिवासी मोजून झाले नव्हते.

या गोगलगाईच्या आजच्या स्थितीकडे आता वळू. जगातल्या प्राण्यावनस्पतींपैकी कोण नाहीसे होण्याच्या वाटेवर आहे याची एक लाल यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ ठेवीत असतो. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवांची पाहणी होऊन तिचा अहवाल २०११ साली निघाला. त्यात सह्याद्रीच्या नावाची ही जात 'संकटग्रस्त' या वर्गात घातली आहे. प्रत्येक गोगलगाय मोजली आणि संख्या घटलेली दिसली, असा याचा अर्थ नव्हे. त्या यादीचा एक निकष जागेचा आहे. एखादी जात पाच हजार चौरस किलोमीटरांहून कमी मुलखात आढळते, तीही तुकड्यातुकड्यांनी, आणि तिच्या राहण्याची जागा बिघडत चालली आहे, असे असले तर ती संकटग्रस्त ठरते. आपल्या गोगलगाईची सगळी मिळकत म्हणजे काही ओले दगड. वरच्या पठारावर बांधकामे झाली, विंधनविहिरींनी झऱ्याचे पाणी ओढले, की खालचा कडा फाल्गुनातच कोरडा पडतो. धबधब्याखाली साबण लावून आंघोळी करणारी गर्दी वाढली, की शेवाळ बिघडते. यासाठी कोणी दुष्ट असावा लागत नाही.

लाल यादी म्हणजे कायदा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका ठेक्यावर मी हजेरीपट तपासला होता. प्रत्येक मजुराचे नाव त्यात सुवाच्य अक्षरात होते. मजुरी मात्र तीन महिने कोणाला मिळाली नव्हती. पटावर नाव चढले याचा मजुरांना आनंद झाला होता, आणि त्या आनंदात त्यांनी तीन महिने काढले. तेव्हापासून यादीत नाव आले असे कोणी सांगितले, की पुढे काय झाले हे मी विचारतो.

येथे एक अडचण आहे, आणि ती माझ्या स्वतःच्या घरातली आहे. घाटात दरडी कोसळतात. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड पडून प्रवासी प्राणास मुकले. रेल्वेत पावसाळ्यापूर्वी डोंगरावर चढून सुटे झालेले धोंडे पाडणारी कामगारांची टोळी असते. तिच्यातल्या एका वयस्क मुकादमाने मला एकदा सांगितले, "दादा, कोरडा दगड आपलं ऐकतो. ओला दगड कधी सुटेल, नेम नाही." ते त्याचे आयुष्यभराचे शहाणपण. म्हणजे ज्या ओल्या कड्यावर गोगलगाय जगते, तोच कडा माझ्या माणसाच्या जिवावर उठलेला असतो. उपाय म्हणून कड्याला लोखंडी जाळ्या लावतात, सिमेंटचा गिलावा फवारतात. जाळीखालचा दगड ओलाच राहतो. गिलाव्याखाली मात्र सगळे बुजते.

मग मी कोणाच्या बाजूने उभा राहू? रुळांच्या आणि रस्त्याच्या माथ्यावरचा कडा असेल, तर मी विनासंकोच मुकादमाच्या बाजूने उभा राहीन. गोगलगाईसाठी माणसाचा जीव पणाला लावा असे सांगणारा माणूस या व्यासपीठावर शोभणार नाही. तथापि अभियंतेच सांगतात की कड्यातले पाणी कोंडले तर त्याच्या दाबाने गिलावाच फुटतो. म्हणून पाणी वाहून जाण्यासाठी त्यात छिद्रे ठेवावी लागतात. पाण्याला वाट देणे माणसाच्याही हिताचे आहे. त्याने गोगलगाय वाचेलच असे नाही, कारण तिला थेंब थेंब गळणारी नळी नको, भिजलेला दगड हवा. म्हणून माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. गिलाव्याचे काम हाती घेण्यापूर्वी त्या कड्यावर कोण राहते हे जाणकाराला एकदा पाहू द्यावे. आणि ज्या कड्यांखाली ना रूळ आहे, ना रस्ता, ना वस्ती, ते कडे आणि त्यांच्या माथ्यावरचे झरे यांना हात लावू नये. या दुसऱ्या मागणीला फारसा खर्च नाही. फक्त पठारावर जमीन विकत घेणाऱ्याला झरा कोठे आहे ते विचारावे लागेल. तो झरा खालच्या वाडीच्या हंड्यांचाही असतो, हे आपण विसरतो.

त्या काळात बोरघाटात हजारो माणसे दगड फोडीत होती आणि त्याच डोंगररांगेत एक भूशास्त्रज्ञ दगडावरचा शंख वेचीत होता. शंखाला नाव मिळाले, माणसांना मिळाले नाही, याचे मला एके काळी फार वैषम्य वाटे. आता तसे वाटत नाही. शंखाचे नाव लिहून ठेवले म्हणूनच आज त्याची विचारपूस तरी करता येते. माणसांची नावे लिहून न ठेवण्याचा दोष शंखाकडे जात नाही.

येत्या पावसाळ्यात आपण गाडीने खंडाळ्याला जाल. बोगद्यांच्या मधल्या उजेडात कातळावरून पाणी ओघळताना दिसेल. तो कातळ ज्यांनी सुरुंगाने फोडला आणि त्यावर जे आजही राहतात, त्या दोघांची आठवण त्या क्षणी झाली, तर या व्याख्यानाचे काम झाले असे मी समजेन.