अण्णांचा रविवार

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या यवतमाळकडे तूप-हळद लावून बैलांचे खांदे शेकतात. दुसऱ्या दिवशी त्यांना धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून मिरवतात. हे वर्षातून एकदा. आमच्या अण्णांचा पोळा मात्र दर रविवारी असे, आणि त्यांचा बैल होता फियाट ११०० डिलाइट, रंग गडद निळा.

१९७४ साली अण्णांनी ती जुनी घेतली. तेव्हा नव्या फियाटसाठी नंबर लावला, तर गाडी दारात येईपर्यंत मुलगी उजवून व्हायची! त्यामुळे जुन्या गाडीलाही नव्या जावयाचा मान होता. मूळ इटलीचं, कारखाना कुर्ल्याचा आणि धूळ मात्र अस्सल वऱ्हाडी. ती धूळ अण्णा रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसत. धुळीत बारीक रेती असते आणि कोरडं पुसणं म्हणजे रंगावर रंधा मारणं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. उन्हात पाहिलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसत. अण्णा त्याला ‘चमक’ म्हणत.

मोटारीच्या चमकेचा इतिहास हा खरं तर घासणाऱ्याच्या कंबरेचा इतिहास आहे. सुरुवातीच्या मोटारी बग्गीसारख्या वॉर्निशचे हात देऊन रंगवत. वाळायला आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँचा ‘ड्यूको’ मोटारीवर आला. हा फवाऱ्याने मारायचा आणि भराभर वाळायचा. ते नाव आपल्याकडे इतकं रुजलं की डबा कुठल्याही कंपनीचा असो, मोटारीला मारतात तो ड्यूकोच!

चकाकणाऱ्या पट्ट्यांचंही तसंच. आधी पितळ होतं, ते काळवंडे. मग निकेल आलं, ते पिवळं पडे. दोन्ही सतत घासावी लागत. १९३० च्या आसपास क्रोमचा मुलामा सर्रास झाला आणि जगातले ड्रायव्हर सुटले, कारण क्रोमला घासावंच लागत नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसलं की झालं.

सुटले नाहीत ते एकटे अण्णा. देवघरातल्या समया आणि फियाटचा बंपर यांत ते भेदभाव करीत नसत. चिंच, राख, पितळेचं पॉलिश, सगळं व्हायचं. टपाला मेणाचं पॉलिश आणि फडकं म्हणून आईची विरलेली सुती पातळं. ब्राझीलच्या ताडाचं मेण यवतमाळच्या कापसाने कुर्ल्याच्या पत्र्यावर चोळलं जात होतं आणि आई दारात उभी राहून विचारत होती, “आपण कधी कुठे जाणार आहोत का हिच्यातून?”

“रस्त्याला धूळ फार आहे,” अण्णा म्हणत. गाडी मळेल म्हणून आम्ही एसटीने जात असू!

एके वर्षी बंपरवर पिवळट डाग उमटले. अण्णांनी घासले, डाग वाढले. आणखी घासले, आणखी वाढले. शेवटी आर्णी रोडवरच्या मिस्त्रीला दाखवले. तो बंपरवरून बोट फिरवून म्हणाला, “वकीलसाहेब, हे डाग नाही जी. क्रोम गेलं न्, खालचं निकेल दिसून रायलं. अजून घाससान तं पत्रा निंघन.”

मग त्याने समजावलं. वरचं क्रोम अगदी नावापुरतं, केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. डोळ्यांत भरते ती चमक बरीचशी खालच्या निकेलची. क्रोम फक्त तिला काळवंडू देत नाही.

अण्णा वाटभर गप्प होते. घरी आल्यावर ते आईकडे आणि तिच्या पातळाच्या चिंध्यांकडे बराच वेळ पाहत बसले.

पुढच्या रविवारी बादली निघाली नाही. “चला, कळंबला चिंतामणीला जाऊन येऊ,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी पुढचं दार आईसाठी उघडलं.

परत आलो तेव्हा गाडी धुळीने राखाडी झाली होती. आई उतरली, केस सारखे केले आणि म्हणाली, “अगंबाई, चालतेसुद्धा की हो ही!”