स्टार फेरी : हाँगकाँगच्या दोन काठांमधली वाट

हाँगकाँगचे बेट आणि समोरचे कौलून यांच्यामधल्या पाण्याला व्हिक्टोरिया हार्बर म्हणतात. खोल, दोन्ही बाजूंनी डोंगरांच्या आडोशाचे हे बंदर मिळावे म्हणूनच ब्रिटिशांनी इथे पाय रोवला. पहिल्या अफू युद्धानंतर 1842 च्या नानकिंग तहाने बेट त्यांच्याकडे आले, 1860 मध्ये कौलूनचे टोक आले आणि 1898 मध्ये त्यामागचा मोठा मुलूख 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला. शहर अशा रीतीने पाण्याच्या दोन्ही काठांवर वाढले. कचेऱ्या, बँका आणि सरकार बेटावर. गोद्या, गोदामे आणि पुढे रेल्वे कौलूनला. या दोन काठांना बांधून ठेवणारी स्टार फेरी आज पर्यटकांच्या यादीत पहिल्या चार-पाच गोष्टींत असते. ती मुळात पर्यटकांसाठी सुरू झालीच नव्हती.

सुरुवातीला पलीकडे जायचे तर सांपान हीच सोय होती. सांपान म्हणजे वल्ह्याची छोटी चिनी होडी. वारा फिरला की वेळेचा भरवसा नाही, आणि रात्री एकट्यादुकट्याने होडीत बसणे धोक्याचे. 1870 च्या दशकात वाफेच्या बोटीचे प्रयत्न झाले, पण नियमित आणि टिकाऊ सेवा उभी राहिली ती मुंबईहून आलेल्या एका पारशी माणसामुळे. त्याचे नाव दोराबजी नौरोजी मिठाईवाला. 1852 मध्ये चीनकडे निघालेल्या जहाजावर तो तिकिटाविना लपून बसला होता, असे सांगितले जाते. हाँगकाँगला उतरल्यावर स्वयंपाकी, मग पाव-बेकरी, मग हॉटेल अशा क्रमाने तो वर आला. त्या काळी मुंबई आणि चीनची बंदरे यांच्यात कापसाचा आणि अफूचा व्यापार जोरात होता. त्यामागे मुंबईच्या पारशी पेढ्या होत्या, त्यामुळे हाँगकाँगमध्ये पारशी माणूस नवखा नव्हता. तिथल्या हॅपी व्हॅलीतली पारशी दफनभूमी 1852 चीच आहे. पण मोठ्या पेढीचा वारस असणे वेगळे आणि खिशात काही नसताना येऊन शहराला त्याची रोजची वाट देणे वेगळे. दोराबजींचे मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत आहे आणि मुंबईने ते पुरेसे ओळखलेले नाही.

1888 मध्ये त्यांनी कौलून फेरी कंपनी स्थापन केली. पहिल्या काळात चाळीस मिनिटांनी किंवा तासाभराने बोट सुटे. सोमवारी आणि शुक्रवारी कोळसा भरायचा म्हणून फेऱ्या बंद. बेटावरच्या व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर जाणारी ट्रामही त्याच 1888 च्या मे महिन्यात सुरू झाली. आज पर्यटक ज्या दोन गोष्टी एकाच दिवशी उरकतात त्यांचे वय असे एकच आहे. दहा वर्षांत दोराबजींकडे चार बोटी झाल्या : मॉर्निंग स्टार, इव्हनिंग स्टार, रायझिंग स्टार आणि गायडिंग स्टार. 1898 मध्ये हा धंदा कौलूनच्या गोदी आणि गोदाम कंपनीने घेतला. तिच्यामागे होते कॅटचिक पॉल चेटर, कलकत्त्यात जन्मलेले आर्मेनियन गृहस्थ. व्यवसायातले त्यांचे भागीदार होरमसजी नौरोजी मोदी हे पुन्हा मुंबईचेच. हाँगकाँग विद्यापीठाच्या पहिल्या इमारतीसाठी मोदींनी मोठी देणगी दिली आणि त्यांच्या नावाचा मोदी रोड कौलूनच्या टोकाशी, त्सिम शा त्सुईत आजही आहे. फेरी कंपनीचे नाव बदलून स्टार फेरी झाले. बोटींच्या नावात तारा ठेवायचा हा दोराबजींचा रिवाज मात्र कंपनीने आजतागायत मोडलेला नाही.

विसाव्या शतकात बाहेरून येणारा प्रवासी बहुधा कौलूनलाच उतरत असे. मोठी जहाजे तिथल्या धक्क्यांना लागत. 1910 मध्ये कौलून-कँटन रेल्वे सुरू झाली आणि फेरीच्या धक्क्याला लागूनच तिचे शेवटचे स्थानक आले. 44 मीटर उंचीचा त्याचा घड्याळाचा मनोरा 1915 चा. समोर 1928 मध्ये पेनिन्सुला हॉटेल उघडले, ते रेल्वेने आणि जहाजाने येणाऱ्यांच्या भरवशावर. हॉटेलात सामान टाकायचे आणि शहर पाहायला बोटीने पलीकडे जायचे, हा क्रम तेव्हापासून बसला. त्याच बोटीत कचेरीला निघालेला कारकून असे, माल घेऊन निघालेला दुकानदार असे. वर पहिला वर्ग, खाली इंजिनाच्या धडधडीजवळ दुसरा. फक्त पर्यटकांसाठी चालवलेली बोट हे शहराचे दर्शन कधीच घडवू शकली नसती.

बोटीची रचना पाहण्यासारखी आहे. हार्बर अरुंद आणि गर्दीचा, त्यात दर फेरीला बोट वळवत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून ती दोन्ही टोकांना सारखीच बांधली : मुंबईच्या लोकलला जशी दोन्हीकडे मोटरमनची केबिन असते, तशी हिला दोन्हीकडे सुकाणूची खोली. परतीच्या फेरीत पुढचे टोक मागचे होते. त्यामुळे लाकडी बाकांच्या पाठीही पुढे-मागे ढकलता येतात. ताऱ्याच्या आकाराची छिद्रे पाडलेली ती पाठ प्रवासी स्वतःच खटकन उलटवतो आणि जायच्या दिशेला तोंड करून बसतो. धक्का जवळ आला की निळ्या गणवेशातला खलाशी आकडी लावलेल्या लांब काठीने जाड दोरखंड पकडतो, खुंटाला वेढे देतो, आणि लाकडी फळी खाली पडते. यंत्रे बदलली, ही रीत बदलली नाही. 1933 मध्ये कंपनीने इलेक्ट्रिक स्टार ही डिझेल-विद्युत यंत्रणेवर चालणारी बोट उतरवली. तशा प्रकारची ती पहिली प्रवासी फेरी मानली जाते.

डिसेंबर 1941 मध्ये जपानी फौजा कौलूनच्या बाजूने आल्या. तेव्हा निर्वासितांना आणि माघार घेणाऱ्या सैनिकांना बेटावर नेण्याचे काम या बोटींनी केले. नाताळच्या दिवशी पेनिन्सुला हॉटेलात गव्हर्नर मार्क यंग यांनी शरणागती दिली. जपानी अमलात गोल्डन स्टार आणि मेरिडियन स्टार या बोटींतून युद्धकैदी कै ताक विमानतळाच्या कामावर नेले जात. 1943 मध्ये गोल्डन स्टार अमेरिकी बाँबहल्ल्यात कँटन नदीत बुडाली. युद्धानंतर ती वर काढून पुन्हा चालवली गेली.

युद्धानंतर चीनमधून लोंढेच्या लोंढे आले आणि फेरी शहराची गरज बनली. 1957 मध्ये बेटावर एडिनबर्ग प्लेसला नवा जोडधक्का आणि त्याचा घड्याळाचा मनोरा बांधला गेला. पर्यटन वाढवण्यासाठी सरकारी संस्था निघाली तीही त्याच वर्षी. करमुक्त बंदर म्हणून खरेदीला येणारे, कौलूनच्या हिंदुस्थानी शिंप्यांकडे एका दिवसात सूट शिवून घेणारे, व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुटीवर आलेले अमेरिकी नाविक, सगळेच या बोटीत बसले. 1960 च्या ‘द वर्ल्ड ऑफ सुझी वाँग’ या चित्रपटाची सुरुवातही फेरीवरच होते.

या फेरीच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रसंग मात्र पर्यटनाचा नाही. कंपनीने पहिल्या वर्गाचे भाडे 20 सेंटवरून 25 सेंट करायचे ठरवले. वाढ पाच सेंटची, तीही पहिल्याच वर्गाची. पण एक वाढ झाली की बाकीच्या होतील, ही भीती खरी होती. नगर परिषदेच्या सदस्य एल्सी एलियट यांनी विरोधात हजारो सह्या गोळा केल्या. 4 एप्रिल 1966 रोजी सो साऊ-चुंग हा तरुण बेटावरच्या धक्क्यावर एकटाच उपोषणाला बसला. दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली आणि कौलूनमध्ये दंगल उसळली. एकाचा मृत्यू झाला, चौदाशेहून जास्त लोक पकडले गेले. सरकारने नेमलेल्या आयोगाला राज्यकर्ते आणि तरुण यांच्यातली दरी मान्य करावी लागली. हाँगकाँगमधल्या अनेक सामाजिक चळवळींचा धागा या पाच सेंटपर्यंत जातो.

2 ऑगस्ट 1972 रोजी हार्बरखालचा पहिला बोगदा उघडला आणि 1980 मध्ये भुयारी रेल्वे पाण्याखालून पलीकडे गेली. कामावर जाणारे हळूहळू तिकडे वळले. रेल्वे स्थानक 1975 मध्ये कौलूनमध्येच हुंग होमला हलले, जुनी इमारत 1978 मध्ये पाडली. मनोरा तेवढा राहिला आणि पुढे संरक्षित स्मारक झाला. बोटीत चाकरमान्यांचे प्रमाण घटले, कॅमेरेवाल्यांचे वाढले.

हार्बरही आटत चालला होता. भराव टाकून जमीन करण्याचे काम एकोणिसाव्या शतकापासूनचे; चेटर यांनीच पुढाकार घेतलेला 1890 नंतरचा मोठा भराव त्यातलाच. 1997 मध्ये हार्बर वाचवण्याचा कायदा झाला आणि जानेवारी 2004 मध्ये अंतिम अपील न्यायालयाने अत्यावश्यक सार्वजनिक गरज असल्याखेरीज भराव नको, असे सांगितले. बेटावरच्या सेंट्रल भागातला भराव मात्र थांबला नाही. 11 नोव्हेंबर 2006 च्या रात्री एडिनबर्ग प्लेसचा धक्का बंद झाला. निरोप द्यायला हजारोंची गर्दी लोटली, निदर्शक डिसेंबरमध्ये पाडकामाच्या जागी शिरले, तरी मनोरा पाडलाच. इमारत जेमतेम पन्नास वर्षांची होती, वास्तुकलेचा नमुना म्हणून साधीच. पण लोकांनी ती शैलीसाठी मागितली नव्हती. 1966 ची जागा म्हणून, रोजच्या घड्याळाची जागा म्हणून मागितली होती, आणि ती मागणी योग्य होती. नवा धक्का फेरीच्या 1912 च्या धक्क्याच्या वळणावर बांधला आहे. दिसायला तो जुना वाटतो, इतिहास त्याच्या मागच्या रिकाम्या केलेल्या जागेचा आहे.

हुंग होमचे मार्ग 2011 मध्ये बंद झाल्यावर त्सिम शा त्सुई ते सेंट्रल आणि त्सिम शा त्सुई ते बेटावरचे वान चाय हे दोनच नियमित मार्ग उरले. पलीकडे जायला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि भाडे शहरातल्या सर्वांत स्वस्त प्रवासांपैकी आहे. जाणाऱ्याने एक फेरी सेंट्रलच्या बोटीच्या खालच्या मजल्यावरून करावी : दोरखंडाचे काम तिथून हाताच्या अंतरावर दिसते.