सी फेन्सिबल्स : किनारा राखणारे कोळी

इ. स. १८०३ ते १८०५ या काळात नेपोलियनचे सैन्य फ्रान्सच्या बूलोन बंदरी तळ देऊन होते. समोरच्या केंट व ससेक्स किनाऱ्यांवरील सिद्धतेचे प्रतीक म्हणून मार्टेलो बुरुजांचा निर्देश होतो. परंतु त्या ७४ बुरुजांचे काम १८०५ साली सुरू होऊन १८०८ साली पुरे झाले. ऐन संकटकाळी आरमाराच्या जोडीस होते ते 'सी फेन्सिबल्स' हे कोळी व नावाडी यांचे स्वयंसेवक दल. ते १७९८ साली प्रथम उभारले गेले व १८०३ साली पुनरुज्जीवित झाले. 'फेन्सिबल' हे 'डिफेन्सिबल' या शब्दाचे आद्यवर्णलोपाने झालेले रूप. अर्थ, रक्षणास समर्थ. नाव नोंदविणाऱ्यास आरमारातील सक्तीच्या भरतीपासून सूट मिळे. तेव्हा या सिद्धतेत देशाभिमानाबरोबर स्वहितही होते, हे अभ्यासकाने ध्यानात घ्यावे.