भारतातील मातामृत्यूचे प्रादेशिक अंतर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मातामृत्यूचे प्रमाण हे केवळ वैद्यकीय सोयींचे मोजमाप नसून समाजातील स्त्रीच्या स्थानाचेही निदर्शक असते. गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी अथवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत गर्भारपणाशी निगडित कारणाने होणारा मृत्यू म्हणजे मातामृत्यू होय. तो एक लाख जिवंत जन्मांमागे मोजला जातो. नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारताचे हे प्रमाण २००१-०३ मध्ये ३०१ होते. २०१८-२० मध्ये ते ९७ वर आले. ही घट लक्षणीय असली तरी राष्ट्रीय सरासरीच्या आड प्रदेशाप्रदेशांतील अंतर झाकले जाते. या अंतराची ऐतिहासिक कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वसाहतकालीन वारसा

भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत यासाठी १८८५ मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली. स्वतःचे नवजात मूल गमावलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्र हाच होता. १९०३ मध्ये सुइणींच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आला. मात्र हे प्रयत्न बहुतांशी शहरांपुरते मर्यादित राहिले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता, म्हणजेच वर्षाला सुमारे दोन लाख स्त्रिया दगावत असल्याचा अंदाज नोंदविला.

तथापि सर्व प्रदेशांची सुरुवात सारखी नव्हती. त्रावणकोर संस्थानात स्त्रीशिक्षण व सरकारी दवाखाने यांचा प्रसार तुलनेने लवकर झाला. मद्रास प्रांताच्या १९३९ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात माता व बालकल्याणाचा स्वतंत्र अंतर्भाव होता. याउलट आसामात चहामळ्यांतील मजूर स्त्रियांचा रक्तक्षय आणि पुरामुळे तुटणारी ब्रह्मपुत्रेची खोरी यांमुळे सेवा पोहोचविणे कठीण राहिले.

अंतराचे बदलते स्वरूप

२००१-०३ मध्ये केरळचे प्रमाण ११०, तर आसामचे ४९० होते. २०१८-२० मध्ये ते अनुक्रमे १९ व १९५ झाले. निरपेक्ष अंतर ३८० वरून १७६ पर्यंत घटले. परंतु आसामचे प्रमाण पूर्वी केरळच्या साडेचार पट होते, ते दहा पट झाले. दोन्ही राज्ये पुढे गेली, तरी मागे असलेल्या राज्याची सापेक्ष स्थिती अधिक बिकट झाली.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये सुरू झाल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८९ टक्क्यांवर पोहोचले. तरीही केवळ दवाखान्याचा उंबरठा ओलांडल्याने माता वाचत नाही. २००१-०३ च्या अहवालात रक्तस्राव हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले. रक्तस्रावात वेळ फार थोडा मिळतो; अशा वेळी रक्त, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियेची सोय जवळ असावी लागते. उपचार घेण्याचा निर्णय, दवाखान्यापर्यंतचा प्रवास आणि तेथे मिळणारी सेवा या तिन्ही टप्प्यांवरील विलंब घातक ठरतो. या तिन्ही बाबी शिक्षण, रस्ते व प्रशासन यांच्या जुन्या वारशाशी जोडलेल्या आहेत.

समारोप

मातामृत्यूचे प्रादेशिक अंतर निसर्गदत्त नसून इतिहासाने घडविलेले आहे. म्हणूनच ते धोरणाने बदलता येते. राज्यांच्या सरासरीबाबतही हीच सावधगिरी हवी. २०१८-२० मधील महाराष्ट्राचे ३३ हे प्रमाण समाधानकारक वाटते; परंतु या आकड्यावरून मेळघाट वा नंदुरबारच्या डोंगराळ पाड्यांतील वास्तव कळत नाही. प्रत्येक मातामृत्यूची गावनिहाय नोंद व कारणांचा तपास झाल्याखेरीज सरासरीतील सुधारणा सर्वांत दूरच्या स्त्रीपर्यंत पोहोचली असे म्हणता येणार नाही.